तीव्र त्वचीय विषाक्तता चाचणी

तीव्र त्वचीय विषाक्तता चाचणी ही विषविज्ञानातील एक प्रमाणित चाचणी आहे. एखादे रसायन त्वचेवर एकदाच आणि थोड्या काळासाठी लागले, तर ते त्वचेतून शरीरात शिरून किती अपाय करते, हे या चाचणीत प्रयोगशाळेतील प्राण्यांवर तपासले जाते. आज त्यासाठी बहुधा पांढरा मोठा उंदीर, म्हणजे रॅट, वापरतात; पूर्वी ससा व गिनीपिग हेही प्राणी वापरले जात. प्राण्याच्या पाठीवरील केस कापून तेथे रसायनाची मोजलेली मात्रा लावली जाते. २४ तासांनी ती धुऊन काढतात आणि प्राण्याचे १४ दिवस निरीक्षण करतात. निकाल प्राण्याच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे किती मिलिग्रॅम रसायन, या एककात मांडला जातो.

कीटकनाशके, औद्योगिक रसायने, रंग, द्रावके यांच्या वर्गीकरणासाठी हा आकडा वापरला जातो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाच्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. त्या रंगामागे तोंडावाटे दिलेल्या मात्रेच्या चाचणीबरोबरच ही त्वचेवरील चाचणीही असते. चाचणी त्वचेवर होत असली तरी ती त्वचेच्या इजेची चाचणी नव्हे. त्वचेची आग, लाली, फोड किंवा जळणे तपासण्यासाठी दाहकतेची वेगळी चाचणी आहे, तशीच ॲलर्जीसाठीही वेगळी आहे. येथे त्वचा हा केवळ विषाचा प्रवेशमार्ग मानलेला असतो. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बाटलीवरील रंगाचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो.

इतिहास

एखाद्या पदार्थाचा विषारीपणा एका आकड्यात सांगण्याची पद्धत ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ साली मांडली. डिजिटॅलिस, इन्सुलिन यांसारख्या औषधांचा प्रत्येक नवा साठा सारख्याच ताकदीचा आहे की नाही, हे तपासण्याची तेव्हा गरज होती. सर्वांत दुबळा प्राणी कोणत्या मात्रेला मरतो किंवा सर्वांत चिवट प्राणी कोणत्या मात्रेपर्यंत तगतो, हे प्रत्येक प्रयोगात बदलते. गटातील निम्मे प्राणी ज्या मात्रेला दगावतात ती मात्रा मात्र बरीच स्थिर राहते, असे ट्रेव्हन यांनी दाखवले. हीच मध्य मारक मात्रा, म्हणजे एलडी ५०. औषधाचे साठे तपासण्यासाठी निघालेले हे माप पुढे जगातील जवळजवळ प्रत्येक रसायनाला लावले गेले.

त्वचेवरील चाचणीला ठरावीक रूप १९४४ मध्ये आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या अंगाभोवती बाही गुंडाळून तिच्याखाली २४ तास रसायन ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सशाच्या डोळ्यातील दाहकतेची ड्रेझ चाचणी, जिच्यावर पुढे प्रखर टीका झाली, तीही याच निबंधातील आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शेतीत आली. त्यांपैकी पॅराथिऑनसारखी काही रसायने अखंड त्वचेतूनही प्राणघातक प्रमाणात शोषली जातात. शेतमजुराच्या दृष्टीने त्वचेचा मार्ग तोंडाच्या मार्गापेक्षा महत्त्वाचा ठरतो, हे लक्षात आल्यावर नोंदणीसाठी ही चाचणी जवळजवळ सर्व देशांनी सक्तीची केली.

आर्थिक सहकार्य व विकास संघटना, म्हणजेच ओईसीडी, हिने १९८१ मध्ये या चाचणीची ‘मार्गदर्शिका क्रमांक ४०२’ प्रसिद्ध केली. तिची १९८७ मध्ये एकदा आणि २०१७ मध्ये पुन्हा सुधारणा झाली. यांपैकी २०१७ ची सुधारणा मूलगामी आहे, कारण तिने मारक मात्रा शोधण्याचा हेतूच बाजूला ठेवला.

चाचणीची पद्धत

चाचणीसाठी आठ ते दहा आठवडे वयाचे निरोगी प्राणी निवडतात. विस्टार व स्प्राग-डॉली हे रॅटचे वाण त्यासाठी विशेष प्रचलित आहेत. नव्या पद्धतीत मादी वापरण्याकडे कल असून ती गाभण नसावी व पूर्वी व्यालेली नसावी, अशी अट असते. प्राण्यांना नव्या जागेची सवय व्हावी म्हणून किमान पाच दिवस अगोदर त्यांना पिंजऱ्यात ठेवले जाते. खोलीचे तापमान २२ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात आणि बारा तास प्रकाश व बारा तास अंधार असा क्रम पाळतात.

रसायन लावण्याच्या सुमारे २४ तास आधी पाठीवरचे केस यंत्राने बारीक कापतात. घाईने केस कापताना त्वचेला ओरखडा गेला तर तो प्राणी चाचणीसाठी निरुपयोगी ठरतो. ओरखड्यातून रसायन थेट आत शिरते आणि निकाल अखंड त्वचेचा राहत नाही. मोकळी केलेली जागा शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या सुमारे दहा टक्के असावी लागते. २५० ग्रॅम वजनाच्या रॅटच्या बाबतीत हे क्षेत्र साधारण ३५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे लहान मुलाच्या तळहाताएवढे भरते.

द्रवरूप रसायन सामान्यतः पातळ न करता लावतात. भुकटी असेल तर ती पाण्यात किंवा योग्य माध्यमात कालवून ओलसर करतात, कारण कोरडी भुकटी त्वचेला नीट भिडत नाही. माध्यम निवडताना दक्षता लागते. काही द्रावके स्वतःच त्वचेचा अडसर सैल करतात, आणि मग मोजमाप रसायनाचे होते की द्रावकाचे, हा प्रश्न उरतो. मात्रा लावल्यावर तीवर सच्छिद्र गॉझ ठेवून त्रासदायक नसलेल्या चिकटपट्टीने ते पक्के करतात. ही पट्टी मोठी कामाची असते. रॅट सतत आपले अंग चाटून स्वच्छ करत असतो. पट्टी सुटली तर रसायन तोंडावाटे पोटात जाते आणि त्वचीय चाचणी नकळत तोंडावाटेची चाचणी होऊन बसते. २४ तासांनी पट्टी काढून उरलेले रसायन पाण्याने किंवा योग्य द्रावकाने पुसून घेतात.

पहिल्या दिवशी निरीक्षण वारंवार केले जाते, त्यातही पहिले काही तास महत्त्वाचे मानतात. त्यानंतर १४ दिवसांपर्यंत रोज किमान एकदा प्राणी तपासला जातो. केसांची अवस्था, डोळे, श्वासाची गती, लाळ, जुलाब, थरथर, झटके, सुस्ती, चालण्यातील बदल यांची नोंद होते. ऑर्गॅनोफॉस्फेट रसायनांच्या बाबतीत लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी येणे, स्नायूंची फडफड ही लक्षणे आधी दिसतात. ही रसायने मज्जातंतूंच्या सांध्यांतील ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात, आणि त्यामुळे स्नायूंना व ग्रंथींना मिळणारा संदेश थांबतच नाही. वजन सुरुवातीला व त्यानंतर किमान दर आठवड्याला मोजतात, कारण इतर लक्षणे दिसली नाहीत तरी घटणारे वजन अपाय सांगून जाते. शेवटी सर्व प्राण्यांचे शवविच्छेदन होते. तीव्र वेदनेत असलेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या प्राण्याला चौदा दिवस पुरे होण्याची वाट न पाहता वेदनारहित मृत्यू द्यावा, असा नियम आहे आणि त्याची नोंद मृत्यू म्हणूनच होते.

मात्रेचे गणित साधे असते. दर किलोग्रॅमला २००० मिलिग्रॅम ही मात्रा २५० ग्रॅमच्या रॅटला द्यायची तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम रसायन लागते. त्वचीय चाचणीत हीच वरची मर्यादा मानली जाते. एवढी मात्रा लावूनही प्राणी टिकला, तर त्याहून जास्त मात्रा देण्याची सहसा गरज राहत नाही. याला मर्यादा चाचणी म्हणतात. अहवालात अशा रसायनापुढे ‘२००० पेक्षा जास्त’ एवढेच लिहिले जाते. ‘अपाय नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही.

१९८७ च्या पद्धतीत किमान तीन मात्रांचे गट व प्रत्येक गटात किमान पाच प्राणी लागत, आणि मर्यादा चाचणीलाही पाच नर व पाच माद्या अशा दहा प्राण्यांची गरज होती. २०१७ पासून स्थिर मात्रा पद्धत आली. तीत ५०, २००, १००० व २००० या चारच ठरलेल्या मात्रा असतात. आधी एका प्राण्यावर अंदाज घेतात आणि मग निवडलेल्या मात्रेवर आणखी दोन प्राणी तपासतात. निम्मे प्राणी मरण्याची वाट पाहिली जात नाही. स्पष्ट विषलक्षणे दिसणे हाच निर्णयाचा आधार धरला जातो. अल्प विषारी रसायनाची चाचणी आता बहुधा तीन प्राण्यांवर पूर्ण होते.

वर्गीकरण आणि भारतीय कायदा

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक एकरूप वर्गीकरण प्रणालीत त्वचीय विषारीपणाचे पाच वर्ग आहेत. मध्य मारक मात्रा ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर पहिला वर्ग, २०० पर्यंत दुसरा, १००० पर्यंत तिसरा, २००० पर्यंत चौथा व ५००० पर्यंत पाचवा. स्थिर मात्रा पद्धतीतील चार मात्रा याच सीमांवरून घेतलेल्या आहेत. आकडा जितका लहान तितके विष तीव्र, हे उलटे प्रमाण नवख्या वाचकाला सुरुवातीला चकवते.

भारतातील व्यवस्था वेगळी व जुनी आहे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नामुळे शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर झालेल्या चौकशीतून व शिफारशींतून कीटकनाशक कायदा, १९६८ आणि कीटकनाशक नियम, १९७१ तयार झाले. या नियमांनुसार वेष्टनाच्या दर्शनी भागाच्या किमान एक षोडशांश जागेत ४५ अंशांत फिरवलेला चौकोन छापावा लागतो. त्याचे वर व खाली असे दोन त्रिकोण होतात. खालचा त्रिकोण रंगाचा आणि वरचा इशाऱ्याचा.

रंग ठरवताना तोंडावाटे व त्वचेमार्गे अशा दोन स्वतंत्र मर्यादा आहेत. तोंडावाटे मारक मात्रा ५० मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्वचेमार्गे २०० पर्यंत असलेले रसायन अत्यंत विषारी ठरते. त्याला लाल रंग मिळतो आणि वरच्या त्रिकोणात कवटी व हाडांच्या चिन्हासह ‘विष’ असा शब्द येतो. तोंडावाटे ५१ ते ५०० व त्वचेमार्गे २०१ ते २००० हा अति विषारी, पिवळा वर्ग. त्यावरही ‘विष’ असते, पण कवटी नसते. तोंडावाटे ५०१ ते ५००० व त्वचेमार्गे २००१ ते २०,००० हा मध्यम विषारी, निळा वर्ग असून त्यावर ‘धोका’ असे छापतात. त्यापुढचा वर्ग हिरवा. हिरव्याचा कायदेशीर अर्थ ‘अल्प विषारी’ एवढाच आहे. खेड्यापाड्यांत मात्र शाकाहारी पदार्थावरच्या हिरव्या ठिपक्यासारखा तो निर्धोकपणाचा शिक्का समजला जातो, आणि हा गैरसमज महागात पडू शकतो.

दोन मार्गांच्या मर्यादांमध्ये चौपटीचे अंतर आहे. त्वचा हा चांगला अडसर आहे, तेव्हा तितकाच अपाय करण्यासाठी अधिक रसायन लागेल, असे गृहीतक त्यामागे आहे. बहुतेक रसायनांच्या बाबतीत ते खरे ठरते. पण सगळ्यांच्या बाबतीत नाही.

आकडा काय सांगत नाही

या चाचणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप प्राण्यांच्या जातींमधील फरकाचा आहे. कापसावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाची तोंडावाटे मध्य मारक मात्रा रॅटमध्ये सुमारे ३५८ मिलिग्रॅम आहे. त्वचेमार्गे संदर्भग्रंथांत रॅटसाठी सुमारे ३३०० हा आकडा दिला जातो, तर सशासाठी सुमारे ४७२. एकच रसायन, एकच मार्ग. रॅटचा आकडा धरला तर ते भारतीय नियमांच्या निळ्या कक्षेत येते आणि सशाचा धरला तर पिवळ्या कक्षेत. माणूस या दोघांपैकी कोणाच्या जवळ आहे, हे आकडा पाहून कळत नाही. सर्वसाधारणपणे रॅटची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा अधिक पारगम्य मानली जाते, म्हणून तिच्यावरचा निकाल सावध बाजूला झुकतो. तरीही हा कल सरासरीचा आहे.

माणसाच्या शरीरावरही सर्व जागा सारख्या नाहीत. अमेरिकेत हॉवर्ड मायबाक व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंसेवकांच्या त्वचेवर पॅराथिऑनची अत्यल्प, किरणोत्सारी खूण असलेली मात्रा लावून ती किती शोषली जाते हे मोजले. हाताच्या पुढच्या भागातून सुमारे ९ टक्के, तळव्यातून १२ टक्के, कपाळातून ३६ टक्के, काखेतून ६४ टक्के आणि वृषणाच्या त्वचेतून जवळजवळ सगळीच मात्रा शोषली गेली. पाठीवरच्या पंपातून गळणारे द्रावण पाठीवरून कमरेपर्यंत आणि पुढे मांड्यांमध्ये झिरपते. फवारणी करणाऱ्या मजुराच्या बाबतीत ओला झालेला लेंगा हा ओल्या हातांपेक्षा कितीतरी धोकादायक का असतो, हे या आकड्यांवरून समजते. रॅटच्या पाठीवरची कोरडी, स्वच्छ, गॉझने झाकलेली जागा या परिस्थितीशी कुठेच जुळत नाही.

याचे जे रूप महाराष्ट्रात सर्वाधिक चर्चिले गेले ते यवतमाळ जिल्ह्यातले. २०१७ च्या पावसाळ्यात, मुख्यतः जुलै ते ऑक्टोबर या काळात, कापसावर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेमुळे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि इतरत्र दाखल झाले. त्यांतील वीसहून अधिक दगावले. त्या वर्षी कापूस डोक्याच्या उंचीपर्यंत वाढला होता, त्यामुळे फवारा खाली न जाता तोंडावर व अंगावर येत होता. दमट उकाड्यात मजूर उघड्या अंगाने किंवा नुसत्या बनियनवर काम करत होते. दोन-तीन रसायने एकत्र कालवून फवारण्याची पद्धत रूढ होती. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. कीटकनाशक कायद्याच्या कलम २७ खाली राज्याला अशी तात्पुरती बंदीच घालता येते. नोंदणी रद्द करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे.

बंदी घातलेल्या रसायनांची यादी चाचणीच्या दृष्टीने उद्बोधक आहे. तीत मोनोक्रोटोफॉस होते. ते लाल त्रिकोणाचे, रॅटमध्ये तोंडावाटे मारक मात्रा सुमारे १४ मिलिग्रॅम असलेले. त्याचा धोका चाचणीने कित्येक वर्षे आधी स्पष्ट सांगितला होता. त्याच यादीत डायाफेन्थियुरॉनही होते, ज्याची रॅटमधील त्वचीय मारक मात्रा २००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नोंदलेली आहे, म्हणजे जे मर्यादा चाचणी पार करून आलेले आहे. चाचणी चुकली असे यावरून म्हणता येणार नाही. तिला विचारलेला प्रश्न वेगळा होता: एक रसायन, एक वेळ, अखंड त्वचा, श्वास व डोळे वगळून. यवतमाळच्या शेतात मिश्रण होते, रोजची फवारणी होती, घाम होता आणि नाकातोंडात जाणारा तुषार होता. ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेवर ॲट्रोपिन व प्रालिडॉक्झाइम ही औषधे आहेत. सर्व कीटकनाशकांवर असे उतारे नाहीत, आणि मिश्रणात नेमके काय होते हे रुग्णाला सांगता येत नसेल तर उपचार लक्षणांवरूनच करावे लागतात. त्यामुळे रसायन अंगावर सांडल्यास कपडे तत्काळ काढणे, साबण व भरपूर पाण्याने धुणे आणि बाटली किंवा तिचे वेष्टन दवाखान्यात सोबत नेणे, या सूचना वेष्टनावरील माहितीपत्रकात दिलेल्या असतात. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला.

द्राक्षबागांतील उदाहरण

मारक मात्रा आणि त्वचेची इजा या भिन्न गोष्टी आहेत, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यात पाहायला मिळते. उजनी धरणाच्या पाण्याने माढा तालुक्याचे चित्र बदलले. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंब या पट्ट्यात ऊस, डाळिंब व द्राक्ष ही फवारणीची पिके वाढली, आणि शेजारच्या पंढरपूर व बार्शी तालुक्यांतही द्राक्षबागा आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. बागाईतदारांच्या बोलीत याला ‘पेस्टिंग’ म्हणतात. हे काम फवाऱ्याने करण्याऐवजी बहुधा हातानेच होते. मजूर कापडाचा किंवा स्पंजचा बोळा द्रावणात बुडवून प्रत्येक डोळ्यावर फिरवतात. दिवसभर शेकडो काड्या हाताळायच्या असतात आणि हातमोजा फाटला तरी काम थांबत नाही.

हायड्रोजन सायनामाइड त्वचेला जाळणारे आणि ॲलर्जी आणणारे रसायन आहे. शिवाय ते शरीरातील ॲल्डिहाइड डीहायड्रोजिनेज या विकराला अडवते. काम करण्यापूर्वी किंवा नंतर मद्य घेतले तर चेहरा लाल होणे, धडधड, मळमळ, रक्तदाब उतरणे असा गंभीर त्रास होतो. रॅटला मद्य पाजून त्वचीय चाचणी केली जात नाही, त्यामुळे हा धोका मारक मात्रेच्या आकड्यात उमटत नाही. युरोपीय संघाने २००८ मध्ये हे रसायन मान्यताप्राप्त यादीत घेण्याचे नाकारले. त्या निर्णयात काम करणाऱ्यांना होणाऱ्या संपर्काचा मुद्दा महत्त्वाचा होता. भारतात त्याचा वापर सुरू आहे.

प्राण्यांची संख्या व पर्याय

विल्यम रसेल व रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्राणिप्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरणे, प्राण्यांची संख्या कमी करणे आणि त्यांच्या यातना कमी करणे. तोंडावाटेच्या जुन्या मारक मात्रा चाचणीची मार्गदर्शिका ओईसीडीने २००२ मध्ये रद्द केली. त्वचीय चाचणीत असा बदल व्हायला आणखी पंधरा वर्षे लागली.

मधल्या काळात एक अडचणीचा प्रश्न पुढे आला: ही चाचणी मुळात काही नवे सांगते का? शेकडो रसायनांचे जुने अहवाल शेजारी ठेवून पाहिले असता, त्वचीय निकाल तोंडावाटेच्या निकालापेक्षा कडक निघाल्याची उदाहरणे फारच थोडी आढळली. तोंडावाटेचा वर्ग माहीत असेल तर त्वचीय चाचणी बहुतेक वेळा केवळ सौम्य उत्तर देते. या आधारावर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये कीटकनाशकांच्या तयार मिश्रणांसाठी व २०२० मध्ये मूळ रसायनांसाठी ही चाचणी माफ करण्याचा मार्ग खुला केला. ओईसीडीनेही २०१६ मध्ये चाचणी कधी टाळता येईल याचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. अत्यंत आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी, म्हणजे सामू २ पर्यंत किंवा ११.५ व त्याहून अधिक असलेली दाहक रसायने तर प्राण्यांच्या त्वचेवर लावूच नयेत, असा संकेत आहे. ती काय करतील हे आधीच ठाऊक असते.

शोषण मोजायचे असेल तर त्यासाठी जिवंत प्राणी लागतोच असे नाही. शस्त्रक्रियेत काढून टाकलेली मानवी त्वचा दोन काचपात्रांच्या मध्ये ताणून बसवतात, वर रसायन लावतात आणि खालच्या द्रवात किती उतरले ते मोजतात. या पद्धतीला ओईसीडीने २००४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका दिली. ५०० डाल्टनपेक्षा जास्त रेणुभाराची रसायने अखंड त्वचेतून सहसा शिरत नाहीत, हा ढोबळ नियमही चाचणीपूर्व अंदाजाला उपयोगी पडतो. फवारणी करणाऱ्याच्या रोजच्या संपर्काचा अंदाज बांधण्यासाठी शोषणाचे असे मोजमाप मारक मात्रेपेक्षा अधिक कामाचे असते, कारण त्यात वापरलेली त्वचा माणसाची असते आणि द्रावण शेतात वापरतात तितके पातळ ठेवता येते.

भारतातील नियमन

कीटकनाशकांची नोंदणी फरीदाबाद येथील केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे होते. त्यासाठी लागणाऱ्या विषविज्ञानविषयक माहितीत त्वचीय विषाक्ततेचा समावेश असतो. प्राण्यांवरील प्रयोग प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० व त्याखालील १९९८ च्या नियमांच्या चौकटीत करावे लागतात. प्रत्येक प्रयोगशाळेत संस्थात्मक प्राणी नीतिविषयक समिती असावी लागते आणि तिच्या मंजुरीशिवाय प्रयोग सुरू करता येत नाही.

अहवालांचा दर्जा राखण्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२ मध्ये उत्तम प्रयोगशाळा कार्यपद्धतीचे राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन केले. २०११ मध्ये भारत ओईसीडीच्या परस्पर माहिती-स्वीकृती व्यवस्थेचा पूर्ण सहभागी झाला. त्यामुळे येथील प्रमाणित प्रयोगशाळेत झालेली चाचणी सहभागी देशांत ग्राह्य धरली जाते आणि तीच चाचणी तेथे नव्या प्राण्यांवर पुन्हा करावी लागत नाही. लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था ही या क्षेत्रातील जुनी सरकारी संस्था असून तिची स्थापना १९६५ मध्ये झाली. महाराष्ट्रात पुणे परिसरात खासगी क्षेत्रातील विषविज्ञान प्रयोगशाळा आहेत. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारताने २०१४ मध्ये बंदी घातली आणि त्याच वर्षी अशा चाचण्या झालेल्या प्रसाधनांची आयातही थांबवली. कीटकनाशके व औद्योगिक रसायने या बंदीच्या कक्षेत येत नाहीत.